तीच ओळ, ११३ वेळा

दोनदा पडलेली ओळ मला पान नीट हातात येण्याआधीच दिसते. तीस वर्षं मुद्रितं तपासल्यावर डोळ्यांना ती खोडच लागून जाते. खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी जवळ आल्या की जुळाऱ्याची नजर घसरायची. मधला मजकूर गळायचा, नाहीतर तोच पुन्हा पडायचा. आता संगणकावर इथून उचल, तिथे चिकटव करताना तेच होतं. आपण ओळ खोडायची, समासात खूण करायची आणि पुढचं पान घ्यायचं. या कामात विचार फारसा लागत नाही.

अशा बाईपुढे एक पुस्तक, कुरआन, यावं, ज्यात एकच ओळ ११३ वेळा येते, आणि एक टीकाकार यावा, जो म्हणतो की ती एकदाही दुसऱ्यांदा आलेली नाही. टीकाकार बगदादचा किंवा कैरोचा असता तर मी ऐकून सोडून दिलं असतं. हा निघाला माझ्या बसच्या रस्त्यावरचा. माहीमचा.

माहीमच्या दर्ग्यावरून मी जन्मभर गेले आहे. लहानपणी तो दर्गा म्हणजे आमच्यासाठी डिसेंबरातली दहा दिवसांची जत्रा: समुद्राच्या अंगाला उभे राहिलेले आकाशपाळणे, हलवा-पराठ्याचे परातीएवढे तवे, आणि पहिल्या दिवशी बँड लावून निघालेले खाकी गणवेशातले पोलीस. तिथे पहिली चादर पोलिसांची चढते, हा जुना मान. त्यामुळे वडील त्यांना 'पोलिसांचे बाबा' म्हणत. आजीला वेगळीच गोष्ट माहीत होती. बाबांच्या आईने एका रात्री पाणी मागितलं, मुलगा पेला घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला, तिला उठवायचं कसं म्हणून तो पहाटेपर्यंत पेला धरून उशाशी उभा राहिला. "म्हणजे त्यांचा पुंडलिकच की गं," आजी म्हणायची आणि रस्त्यावरूनच हात जोडायची. (हीच गोष्ट इराणातल्या बायजीद बिस्तामी या सूफीबद्दलही सांगतात. चांगली गोष्ट एका गावात बसून राहत नाही.)

बाबांनी काही लिहिलंय, हे मात्र आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

ते मला कळलं एका बाइंडरकडून. आमच्या छापखान्याची बांधणी करणारे एक चाचा होते, मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलणारे. अडलेला फर्मा बघायला त्यांच्या गाळ्यात गेले, तर ते एका जाड पुस्तकाच्या झेरॉक्स पानांची चळत ठोकून सरळ करत होते. अरबी. पानाच्या मधोमध चौकटीत मजकूर आणि चौकटीबाहेर, समासात, चारी अंगांनी बारीक अक्षरात आणखी मजकूर.

"समासात एवढ्या दुरुस्त्या?" मी विचारलं.

चाचा हसले. "दुरुस्त्या नाहीत ताई. ते दुसरं पुस्तक आहे. मधे आपल्या मखदूम बाबांची तफसीर. बाहेर एका सिजिस्तानीचं पुस्तक, अवघड शब्दांचं. एका कागदात दोन किताबा."

मी समासात प्रश्नचिन्हं काढते. या लोकांनी समासात अख्खा ग्रंथ बसवला होता. ते पान १८७८ मध्ये कैरोतल्या बुलाकच्या सरकारी छापखान्यात छापलेलं. माहीमच्या बेटावर पंधराव्या शतकात होऊन गेलेला एक माणूस कैरोत अरबीतून छापला जातो आणि त्याच्या दर्ग्यासमोरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या आम्हाला फक्त आकाशपाळणा दिसतो.

मला अरबी येत नाही. चाचांना अक्षरं वाचता येत, अर्थ लागत नसे. पुढे जे कळलं ते चाचांच्या ओळखीच्या एका मौलानांकडून, आणि मग नाद लागल्यावर स्वतः वाचून.

तफसीर म्हणजे आपल्याकडची टीका, भाष्य. मूळ ग्रंथ समोर ठेवून ओळीमागून ओळ उलगडत जायचं. या परंपरेतलं पहिलं अवाढव्य नाव तबरीचं. कास्पियन समुद्राजवळच्या आमुल गावात ८३९ साली जन्मलेला मुहम्मद बिन जरीर अत-तबरी बसरा, कूफा, इजिप्त असा ज्ञानासाठी फिरला आणि बगदादला स्थिरावला. तिथेच ९२३ साली वारला. त्याने शिष्यांना विचारलं म्हणे, "कुरआनची तफसीर ऐकायला तयार आहात का?" "किती पानांची?" "तीस हजार." "ती संपायच्या आत आमची आयुष्यं संपतील," शिष्य म्हणाले. मग त्याने ती तीन हजारांवर आणली. खरी असो वा रचलेली, गोष्ट संपादकांनी भिंतीवर लावण्यासारखी आहे.

पण मला तबरी आवडला तो त्याच्या पद्धतीमुळे. आयत, म्हणजे कुरआनातलं एक वचन, घ्यायची, आणि ठरलेलं वाक्य येतं: अर्थ सांगणाऱ्यांत इथे मतभेद आहे. मग काही जण असं म्हणाले, आणि ते कोण म्हणाले याची साखळी: मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला फलाण्याने. मग दुसरे काही जण तसं म्हणाले, त्यांचीही साखळी. कधी तिसरे, चौथे. हे सगळं मांडून झाल्यावरच तो म्हणतो, यातलं मला सर्वांत बरोबर वाटतं ते हे. बाकीची मतं पानावर तशीच राहतात, नावानिशी. हरलेल्याचं म्हणणं छापून मग निकाल देणारा न्यायाधीश म्हणा. असल्या माणसाला शत्रू नसते तरच नवल. बगदादमधल्या हंबली पंथीयांशी त्याचं इतकं बिनसलं की त्याच्या घरावर दगडफेक झाल्याच्या कथा आहेत.

मौलानांनी एक जागा दाखवली, ती मी अजून विसरलेले नाही. तिसऱ्या सूरेची, म्हणजे अध्यायाची, सातवी आयत. त्यात म्हटलंय की या ग्रंथात काही आयती स्पष्ट आहेत, काही अनेक अर्थांच्या. आणि या दुसऱ्या प्रकारच्या आयतींचा खरा अर्थ कोण जाणतो? अरबी शब्दांचा क्रम जसाच्या तसा ठेवला तर वाक्य काहीसं असं: 'आणि जाणत नाही त्याचा अर्थ कोणी खेरीज अल्लाह आणि ज्ञानात मुरलेले म्हणतात आम्ही यावर विश्वास ठेवतो'. मूळ लेखनात विरामचिन्हं नव्हती. आता थांबायचं कुठे?

'अल्लाह'नंतर थांबलात तर अर्थ फक्त देवाला ठाऊक. विद्वान नुसते मान तुकवतात. 'मुरलेले' या शब्दापर्यंत न थांबता गेलात तर विद्वानही जाणणाऱ्यांत येतात. मराठीत हा पेच उभाच राहत नाही, कारण आपला 'शिवाय' शब्दाच्या मागे लागतो आणि सगळं उघड करून टाकतो. अरबीत 'खेरीज' आधी येतं आणि वाक्य दोन्हीकडे उघडं राहतं. एका पूर्णविरामाची गोष्ट, आणि त्यावर अर्थ लावणाऱ्या अख्ख्या जमातीचं अस्तित्व टांगलेलं! तबरीने दोन्ही बाजूंची कथनं दिली. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या एकाच नावावर दोन्ही मतं मिळतात: एकात ते थांबून वाचतात, दुसऱ्यात म्हणतात, 'अर्थ जाणणाऱ्यांपैकी मी एक आहे.' तबरीचा स्वतःचा कौल थांबण्याकडे. दोनेक शतकांनी आलेल्या जमख्शरीचा न थांबण्याकडे.

मौलानांनी आपल्याकडे छापलेली कुरआनची प्रत उघडली आणि त्या जागी बोट ठेवलं. 'अल्लाह' शब्दाच्या डोक्यावर तिळाएवढा एक मीम, म्हणजे अरबीतला 'म'. थांबलंच पाहिजे, अशी खूण. "ही खूण वरून लावलेली," ते म्हणाले. "सजावंदी नावाच्या विद्वानाने बाराव्या शतकात अशा खुणा बसवल्या." मी चष्मा काढून तो मीम पाहिला. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. ओळीवर बारीक खूण करून वाचणाऱ्याला सांगणारा, बाबा रे, इथे दम घे.

जमख्शरीची कथाही सांगायला हवी. हा मध्य आशियातल्या ख्वारिज्मचा, १०७५ चा जन्म, एक पाय गमावलेला, मातृभाषा अरबी नसून अरबी व्याकरणाचा राजा. पंथाने मुतजिली, म्हणजे कुरआन ही निर्माण केलेली गोष्ट आहे, माणूस आपल्या कर्मांचा स्वतः कर्ता आहे असं मानणाऱ्या बुद्धिवाद्यांपैकी. मक्केत राहून त्याने 'कश्शाफ' ही तफसीर ११३४ मध्ये पुरी केली. बहुसंख्य सुन्नी विद्वानांना त्याचं तत्त्वज्ञान खपण्यासारखं नव्हतं आणि त्याच्या व्याकरणावाचून चालत नव्हतं. मग काय केलं? अलेक्झांड्रियाच्या इब्न अल-मुनय्यिरने खास या पुस्तकातला मुतजिलीपणा पकडून दाखवणारं दुसरं पुस्तक लिहिलं, आणि पुढे छापखाने आल्यावर दोन्ही एकाच पानावर छापली जाऊ लागली. विष आणि उतारा एका बाटलीत. पुस्तक जाळण्यापेक्षा त्याच्या तळाशी भांडण छापणं मला केव्हाही पसंत आहे.

आणि या अवाढव्य ग्रंथांच्या दुसऱ्या टोकाला 'जलालैन'. दोन जलालांची. कैरोच्या जलालुद्दीन महल्लीने अठराव्या सूरेपासून सुरुवात केली, शेवटापर्यंत गेला, मग पहिली सूरा घेतली, आणि १४५९ मध्ये वारला. उरलेला भाग जलालुद्दीन सुयूतीने वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी चाळीस दिवसांत लिहिला. शैली दोघांची इतकी जुळते की सांधा सापडत नाही. आयतीच्या शब्दाला लागून एकदोन शब्दांचा अर्थ, की पुढे. मतभेद नाहीत, साखळ्या नाहीत. मदरशांत अजून शिकवतात, कारण झोळीत मावते. आता यातली गंमत. हातपाय धुऊन, वुजू करून मगच कुरआनला स्पर्श करायचा असा नियम. मग मूळ आयती आणि अर्थ असे मिसळलेल्या या पुस्तकाचं काय? येमेनमधल्या एका विद्वानाने दोन्हींची अक्षरं मोजली. त्र्याहत्तराव्या सूरेपर्यंत मूळ आणि अर्थ सारखे भरले. चौऱ्याहत्तराव्यापासून अर्थाची अक्षरं जास्त झाली. म्हणजे एकूणात तफसीर जड, म्हणजे वुजूशिवाय हाताळायला हरकत नाही. हा माणूस आमच्या छापखान्यात असता तर मी त्याच्या हाताखाली बिनपगारी काम केलं असतं.

आता माहीम. मखदूम बाबा म्हणजे अलाउद्दीन अली बिन अहमद, १३७२ चा जन्म. घराणं नवायतांचं, म्हणजे अरबस्तानाकडून येऊन कोकण किनाऱ्यावर रुजलेल्या मुसलमानांपैकी. तेव्हाचं माहीम हे खाडीकाठचं बेट, गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली. इथे बसून त्याने अरबीत लिहिलं. स्पेनच्या इब्न अरबीचा तो अनुयायी. त्याच्या 'फुसूसुल हिकम' या अवघड ग्रंथावरही त्याने टीका लिहिली. त्याच्या तफसीरचं नाव 'तब्सीरुर्रहमान', लोक तिला 'तफसीरे माहिमी' म्हणतात आणि त्याला 'कुतुबे कोकण'. १४३१-३२ मध्ये तो गेला. म्हणजे महल्लीच्या मृत्यूच्या पाव शतकाहून अधिक आधी, कैरोपासून हजारो मैल दूर.

तबरीला विचारायचं असतं, या ओळीचा अर्थ कोणी काय सांगितला? माहिमीचा प्रश्न वेगळा: ही ओळ त्या ओळीच्या नंतर का? कुरआन वाचणाऱ्या नवख्याला पहिला अडथळा हाच येतो. वारशाचे कायदे चालू असताना मधेच मूसाची गोष्ट, मधेच आकाशातले तारे. माहिमी आयतींमधले सांधे शोधत जातो. पहिल्या आयतीच्या शेवटाला स्वतःचे दोनचार शब्द जोडतो आणि दुसरी त्यातून निघाल्यासारखी करतो. मूळ आणि टीका एकात एक विणलेली, सलग वाचत जावं अशी. सूरेचं नावही तो तसंच सोडत नाही. सर्वांत मोठी सूरा गायीच्या नावाची, एक मधमाशीच्या, एक मुंगीच्या, एक कोळ्याच्या. एवढ्या सगळ्या मजकुरातून नेमकं हेच नाव का पडलं, ते आरंभीच सांगतो.

आणि ती ओळ. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम', म्हणजे परम दयाळू, कृपाळू अल्लाहच्या नावाने. ११४ सूरांपैकी नवव्या सूरेचा अपवाद सोडला तर प्रत्येकीच्या डोक्यावर. बहुतेक टीकाकार पहिल्या सूरेशी ती सविस्तर उलगडतात आणि मग हात झटकतात, साहजिकच आहे. माहिमी प्रत्येक सूरेपाशी ती नव्याने वाचतो. तिच्यातल्या तीन नावांच्या मधे शब्द गुंफतो: अल्लाह, जो अमक्या गोष्टीत प्रकट झाला, रहमान, ज्याने अमकं देऊन दया केली, रहीम, ज्याने अमकं करून. ते अमकं दर वेळी वेगळं, त्या सूरेत पुढे जे येणार त्याला धरून. मौलाना पानं उलटत होते आणि मी फक्त आकार बघत होते. तेच तीन शब्द, सारख्याच वळणाचे, आणि त्यांच्यामधला मजकूर दर वेळी निराळा. तीच पाटी, पण प्रत्येक दारावर आतल्या घरातली माणसं ओळखून वाचलेली.

मला लगेच शंका आली, आणि ती माझ्या आधी शहाण्या माणसांना आलेली आहे. तेराव्या शतकातले इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम म्हणाले होते की वीसेक वर्षांत, निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या कारणांनी उतरलेल्या आयती एकमेकींत ओवत बसणं ही ओढाताण आहे. पटण्यासारखं आहे. दहा लेखांचं पुस्तक काढताना लेखक आम्हाला सांगतो, "जरा सलगता आणा", आणि आम्ही 'दरम्यान', 'दुसरीकडे' असले शब्द पेरतो, तेव्हा मीही तेच मनात म्हणते. याला परंपरेतूनच उत्तर आलं: उतरण्याचा क्रम प्रसंगांचा, मांडणीचा क्रम मात्र हेतूचा. ज्याने ती या क्रमाने लावली त्याने उगाच लावली नसेल, या विश्वासावर माहिमीचं सगळं काम उभं आहे. तो विश्वास माझ्याकडे नाही. ११३ पैकी काही ठिकाणी बाबांनाही ताणावं लागलं असेल, असं मला वाटतं. पण ताणायच्या आधी तो प्रत्येक वेळी थांबला, हे माझ्याच्याने खोडवत नाही.

आपल्याकडे आळंदीच्या टीकाकाराने 'भाष्यकारांतें वाट पुसतु' म्हणत गीतेत पाऊल टाकलं, ते माहिमीच्या जन्माच्या ऐंशीएक वर्षं आधी. दोघांत काही देवाणघेवाण होती असं मला म्हणायचं नाही. एकच एवढं: ज्याच्याकडे ध्रुवपद दर कडव्यानंतर परत येतं आणि टाळकऱ्याला ते जुनं वाटत नाही, त्या माणसाला 'सूरा रहमान' समजायला जड जाऊ नये. त्या सूरेत ७८ आयती आहेत आणि त्यातल्या ३१ एकच प्रश्न विचारतात: मग तुम्ही दोघं (माणसं आणि जिन) आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल? हे मुद्रित माझ्यापुढे आलं असतं तर मी तीस वेळा लाल पेन फिरवलं असतं.

चाचांनी जाता जाता आणखी एक गोष्ट दाखवली. गाळ्यात लिथोवर छापलेली एक जुनी फाटकी किताब दुरुस्तीला आली होती, पानं सुटलेली, आकडे उंदरांनी खाल्लेले. चाचा अरबी न समजता ती क्रमाने लावत होते. प्रत्येक पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मजकुराखाली एकटा एक शब्द छापलेला असतो. पुढच्या पानाचा पहिला शब्द. तो शब्द डोळ्यांत धरायचा, ढिगातून तोच शब्द डोक्यावर असलेलं पान काढायचं, खाली ठेवायचं. खळीच्या वासात ते तासभर हेच करत होते. एका जागी जोडी जमेना. त्यांनी ढीग दोनदा चाळला, टेबलाखाली पाहिलं, मग एक कोरा कागद कापून तिथे घातला आणि त्यावर पेन्सिलीने तो एकटा शब्द लिहून ठेवला. "गिऱ्हाइकाच्या घरी सापडलं तर बसवता येईल," म्हणाले.

चाचा आता नाहीत. गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात.

गेल्या डिसेंबरात जत्रेच्या पहिल्या दिवशी बस अडकली म्हणून उतरून चालत निघाले. बँड वाजत होता, पोलीस चादर घेऊन चालले होते, पाळणा फिरत होता. पिशवीत एका लेखकाच्या आठवणींच्या पुस्तकाची मुद्रितं होती. घरी येऊन काढली. पान ४२ वर आईच्या आजारपणाबद्दलचं एक वाक्य होतं, आणि पान ४३ वर, आई गेल्यानंतरच्या परिच्छेदात, शब्दन् शब्द तेच वाक्य. पेन उचललं, आणि थांबले. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. पहिल्यांदा ते वाक्य तक्रारीचं वाटत होतं, दुसऱ्यांदा तेच आठवणीचं. लेखकाने मुद्दाम केलं असेल, म्हणून खोडलं नाही. समासात बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, 'दुसऱ्या वेळी अर्थ बदलतो. ठेवावं?'

दोन दिवसांनी लेखकाचा फोन आला. "ताई, अहो, ते वाक्य दोनदा पडलंय, दिसलं नाही का तुम्हाला? काढा ते!"

काढलं.